घरून मत द्यायचं असेल, तर तयारी यादीपासून

निवडणूक जाहीर झाली की दादरच्या वाचकांकडून बरेचसे तेच प्रश्न येतात. आई सत्त्याऐंशीची आहे, जिना उतरवत नाही, तिचं मत पोस्टाने पाठवता येईल का? मुलगा दुबईत आहे, तो तिथून मत देऊ शकेल का? आमची इमारत पाडली, आम्ही सध्या ठाण्याला भाड्याने राहतो, मत कुठे द्यायचं? ओळखपत्र आहे पण यादीत नाव नाही, मग काय करायचं? या लेखात विधानसभा निवडणूक समोर ठेवून या प्रश्नांची उत्तरं दिली आहेत. लोकसभेलाही बहुतेक नियम हेच लागू होतात. महापालिकेची निवडणूक मात्र राज्य निवडणूक आयोग वेगळ्या कायद्याखाली घेतो. त्यामुळे इथली गृहमतदानाची माहिती पालिकेच्या निवडणुकीला लागू आहे असं परस्पर धरू नका.

आधी मुख्य उत्तर. आपल्याकडे कुणीही अर्ज करावा आणि मतपत्रिका टपालाने मागवावी, अशी सोय नाही. काही ठरावीक मतदारांनाच टपाली मत देता येतं. त्यासाठीचा अर्ज मतदानाच्या कितीतरी आधी द्यावा लागतो आणि त्याहीआधी नाव यादीत असावं लागतं. मतदानाच्या आठवड्यात जागं झालेल्या घरासाठी मग कुणालाच काही करता येत नाही.

एवढ्याशा मतांनी काय होतं, असं वाटत असेल तर २०२४ची लोकसभा आठवा. मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघात फक्त यंत्रांवरची मतं धरली तर अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मतांत रवींद्र वायकर यांना १,५५० आणि कीर्तिकरांना १,५०१ मतं मिळाली, आणि वायकर ४८ मतांनी निवडून आले. तिथे निकाल टपाली मतांनी लावला. त्याच वर्षी विधानसभेला आपल्या माहीम मतदारसंघात महेश सावंत १,३१६ मतांनी विजयी झाले. दादरच्या दोन-चार गल्ल्यांत मिळून एवढे मतदार सहज निघतील.

टपाली मत कुणाला देता येतं?

- वयाची ८५ वर्षं ओलांडलेले मतदार. पूर्वी ही मर्यादा ८० होती, मार्च २०२४ पासून ती ८५ झाली.
- ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेले आणि यादीत तशी नोंद असलेले मतदार.
- अत्यावश्यक सेवेत असल्यामुळे मतदानाच्या दिवशी कामावर असणारे. कोणत्या सेवा यात धरायच्या, ते प्रत्येक निवडणुकीत अधिसूचनेने ठरतं.
- निवडणुकीच्या कामावर नेमलेले शिक्षक, कर्मचारी, पोलीस.
- सैन्यदलांतले आणि परदेशातल्या भारतीय वकिलातींत नेमलेले सेवा मतदार.
- प्रतिबंधक स्थानबद्धतेत असलेली व्यक्ती. शिक्षा भोगणाऱ्या किंवा कच्च्या कैद्याला मतदान करता येत नाही.

पुण्यात शिकणारी मुलगी, बंगळुरूला नोकरी करणारा मुलगा, रुग्णालयात दाखल असलेले साठीचे काका, बाळंतपणाला माहेरी गेलेली सून यांपैकी कुणीही या यादीत बसत नाही. शिकणाऱ्या मुलांना एक पर्याय आहे. वसतिगृहात राहत असतील तर ती तिथल्या पत्त्यावर नाव नोंदवू शकतात किंवा आईवडिलांच्या घरच्या पत्त्यावर ठेवू शकतात. दोन्हीकडे मात्र नाही.

‘दादर’ नावाचा मतदारसंघ शोधू नका

भारत निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर अनेकजण मतदारसंघांच्या यादीत ‘दादर’ शोधत बसतात. मनोहर जोशी ज्या दादर मतदारसंघातून निवडून येत, तो मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर २००९ पासून राहिलेला नाही. स्टेशनच्या पश्चिमेचा बहुतेक भाग आता माहीम (क्रमांक १८१) मतदारसंघात येतो, तर पूर्वेचा बहुतेक भाग वडाळा (क्रमांक १८०) मतदारसंघात. सीमेवरच्या गल्ल्यांनी अंदाज करू नये. ओळखपत्राचा क्रमांक टाकून शोधलं की मतदारसंघ, यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि मतदान केंद्र हे सगळं समोर येतं. ते कागदावर लिहून ओळखपत्रासोबत ठेवा. ज्यांना पोर्टल जमत नाही त्यांनी १९५० या क्रमांकावर फोन करावा.

घरात ओळखपत्र आहे म्हणजे यादीत नाव आहेच, हा समज सर्वांत महाग पडतो. मत देता येतं ते यादीतल्या नावावर. कार्ड फक्त तुमची ओळख पटवतं, आणि ते हरवलं असेल तर दुसरं ओळखपत्रही चालतं. यादीत नावच नसेल तर मात्र केंद्रावरचा अधिकारी काहीही करू शकत नाही. म्हणून दर वर्षी यादीचं पुनरीक्षण होतं तेव्हा घरातल्या प्रत्येकाचं नाव एकदा तपासा.

कोणता नमुना कशासाठी?

- नमुना ६: आयुष्यात पहिल्यांदाच नाव नोंदवणाऱ्यांसाठी. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या चारपैकी कोणत्याही तारखेला १८ वर्षं पूर्ण होत असतील तर नोंदणी होते. सतरा वर्षं पूर्ण झालेल्यांना अर्ज आधीच देऊन ठेवता येतो.
- नमुना ८: पत्ता बदलला, नाव किंवा वय चुकलं, कार्ड हरवलं, दिव्यांग म्हणून नोंद करायची असेल तर. लग्नानंतर आडनाव आणि पत्ता बदलणाऱ्या मुलींसाठीही हाच.
- नमुना ७: नाव वगळण्यासाठी. घरातलं माणूस गेल्यावर मृत्यूचा दाखला जोडून हा अर्ज जरूर द्या. वडिलांचं नाव आपल्या हाताने खोडणं जिवावर येतं, हे समजण्यासारखं आहे, पण ते यादीत राहिलं तर त्यांच्या नावावर दुसरंच कुणी मत देऊन जाऊ शकतं.
- नमुना ६-ए: परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांसाठी.

एक चूक वारंवार होते. घर बदललं की लोक नमुना ६ भरतात, आणि जुन्या पत्त्यावरचं नाव तसंच राहतं. नमुना ६ मध्ये तुम्ही ‘माझं नाव इतरत्र नाही’ असं प्रतिज्ञेवर सांगत असता. खोटी प्रतिज्ञा हा गुन्हा आहे आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नमुना ८ भरला की नव्या पत्त्यावर नाव येतं आणि जुन्या पत्त्यावरचं वगळलं जातं.

जुन्या चाळीत आणि पागडीच्या घरात राहणाऱ्यांना पत्त्याच्या पुराव्याची अडचण येते. बेस्टचं वीजबिल अजून आजोबांच्या नावावर, भाडेपावती काकांच्या. अशा वेळी आईवडिलांच्या नावावरचं बिल, स्वतःचं बँक किंवा पोस्टाचं पासबुक, पासपोर्ट, आधार यांपैकी काहीही जोडता येतं. यातलं काहीच नसेल तरी अर्ज द्या. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे ज्यांना सगळे बीएलओ म्हणतात ते, प्रत्यक्ष घरी येऊन खात्री करतात. कागद नाही एवढ्या कारणाने माघार घेऊ नका.

आणि मुदत. नावनोंदणी कायम चालू असते, पण हरकतींसाठी वेळ ठेवावा लागत असल्याने उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसाच्या साधारण दहा दिवस आधीपर्यंत आलेले अर्जच त्या निवडणुकीसाठी उपयोगी पडतात. २०२४ मध्ये आयोगाने १५ ऑक्टोबरला विधानसभा निवडणूक जाहीर केली आणि उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर होती. म्हणजे घोषणा ऐकून धावपळ सुरू करणाऱ्याच्या हाती जेमतेम चार दिवस उरले.

इमारत पाडली, मत कुठे?

दादर, नायगाव, परळ, लालबाग या पट्ट्यात आज हा प्रश्न घरोघरी आहे. बिल्डर भाडं देतो, कुटुंब तीन-चार वर्षांसाठी ठाणे, डोंबिवली, विरारला जातं, आणि मन मात्र दादरलाच असतं. कायदा बघतो तो ‘सर्वसाधारण रहिवास’, म्हणजे तुम्ही खरोखर नांदता कुठे. एखाद्या ठिकाणी घर मालकीचं आहे एवढ्यावर तिथला रहिवास सिद्ध होत नाही. त्याचबरोबर तात्पुरतं बाहेर गेल्यामुळे रहिवास संपत नाही, असंही तोच कायदा सांगतो. तुमचं जाणं यांपैकी कशात बसतं, हे मतदार नोंदणी अधिकारी ठरवतो.

त्यामुळे दोन मार्ग उरतात.

पहिला, नमुना ८ भरून नाव सध्याच्या पत्त्यावर नेणं आणि नव्या घराची चावी मिळाली की पुन्हा नमुना ८ भरून परत आणणं. नोंदणीकृत भाडेकरार असेल तर हे सोपं जातं. दीर्घ काळासाठी लांब गेलेल्यांनी हाच मार्ग धरावा, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्या रोजच्या पाण्याचा, रस्त्याचा, लोकलचा प्रश्न त्या काळात तिथल्या आमदाराकडे असतो.

दुसरा, जुन्या पत्त्यावर नाव ठेवणं. इथे खरा धोका आहे. बीएलओ पडताळणीला येतो तेव्हा इमारतीच्या जागी पत्र्याचं कुंपण असतं. तो ‘स्थलांतरित’ अशी नोंद करतो, नोटीस त्याच पत्त्यावर जाते आणि कुणाच्याच हाती पडत नाही. नाव वगळण्याआधी म्हणणं मांडायची संधी मिळणं हा तुमचा हक्क आहे, पण तो वापरायला नोटीस पोचावी तर लागेल. तेव्हा घर सोडतानाच मतदार नोंदणी अधिकाऱ्याला लेखी कळवा. बिल्डरशी झालेला करार, त्यातला परत येण्याचा उल्लेख, सध्याचा पत्ता आणि मोबाइल क्रमांक जोडा आणि पोच घ्या. सोसायटीने सगळ्या सभासदांचं एकत्र पत्र दिलं तर जास्त चांगलं. सोसायटीचे सेक्रेटरी भाड्याच्या धनादेशांचा हिशेब ठेवतातच, त्याच वहीत प्रत्येक सभासदाचा यादी भाग क्रमांकही लिहून ठेवावा.

बीडीडी चाळींतून नव्या इमारतीत गेलेल्यांनीही लक्ष द्यावं. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. पत्ता त्याच आवारातला असला तरी इमारत आणि खोली क्रमांक बदलतो, त्यामुळे यादी भागही बदलू शकतो. नमुना ८ लगेच भरून टाका.

गावचं नाव आणि मुंबईचं नाव

रत्नागिरी-सिंधुदुर्गात घर असलेल्या अनेक दादरकरांची नावं दोन्हीकडच्या याद्यांत सापडतात. बहुधा यात कुणाचा वाईट हेतू नसतो. आजोबांच्या काळापासून नाव चालत आलेलं असतं. तरी एका व्यक्तीचं नाव एकाच मतदारसंघात, एकाच ठिकाणी असलं पाहिजे. जिथे नांदता तिथलं ठेवा आणि दुसरीकडचं नमुना ७ देऊन काढून टाका.

गृहमतदान: पायरीपायरीने

८५ पार केलेल्या आणि ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मतदारांसाठी टपाली मतदान म्हणजे प्रत्यक्षात निवडणूक पथकच घरी येतं. तुम्हाला पोस्टात काही टाकायचं नसतं.

१. यादीतलं वय आधी तपासा. पात्रता ठरते ती यादीवरून. जुन्या पिढीची वयं अंदाजाने लिहिलेली असतात. जन्मदाखल्याप्रमाणे शहाऐंशीच्या असलेल्या आजी यादीत एक्क्याऐंशीच्या असतील, तर त्यांच्यासाठी अर्ज येणारच नाही. निवडणूक लांब असतानाच नमुना ८ भरून दुरुस्ती करा. दिव्यांगत्वाची नोंदही आताच करून घ्या, दाखला जोडून.

२. नमुना १२-डी भरा. निवडणूक जाहीर झाल्यावर बीएलओ हा अर्ज घेऊन घरी येतो. अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत तो भरून परत जायला हवा. २०२४ मध्ये अधिसूचना २२ ऑक्टोबरला निघाली, म्हणजे वसुबारसेच्या आदल्या दिवशी, २७ ऑक्टोबरला ही मुदत संपली. मतदान २० नोव्हेंबरला होतं! बीएलओ आला नाही तर वाट बघू नका, १९५० वर फोन करा किंवा कार्यालयात जा. अर्जाची पोच मागून घ्या.

३. पथक कधी येणार ते कळवलं जातं. एसएमएसने, पत्राने किंवा बीएलओमार्फत. अर्जात चालू मोबाइल क्रमांक द्या, बंद पडलेला लँडलाइन नको.

४. मतदान. पथकात दोन मतदान अधिकारी, पोलीस आणि चित्रीकरण करणारी व्यक्ती असते. उमेदवारांना या भेटींची सूचना दिलेली असते आणि त्यांचे प्रतिनिधी हजर राहू शकतात. छापील मतपत्रिका मिळते, त्यावर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हाही पर्याय असतो. खूण करून मतपत्रिका छोट्या पाकिटात घालून ते बंद करायचं. घोषणापत्रावर सही किंवा अंगठा घेऊन अधिकारी साक्षांकन करतात. मत देताना चित्रीकरण होत नाही, गुप्तता पाळली जाते.

५. घरी सापडला नाहीत तर पथक आणखी एकदा येतं. त्यानंतर संधी नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. १२-डी मंजूर झाला की यादीत तुमच्या नावापुढे टपाली मतपत्रिकेची खूण होते, आणि मग केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. पथकाशी चुकामूक झाली तरीही नाही. त्यामुळे अर्ज सगळ्यांनी सरसकट भरू नये. जी व्यक्ती खुर्चीत बसवून नेली तर केंद्रावर जाऊ शकते आणि जिला जायची हौस आहे, तिने जावं. तीव्र आजार, अंथरुणाला खिळलेलं माणूस, लिफ्ट नसलेला तिसरा मजला, अशा घरांनी मात्र हा पर्याय निःसंकोच घ्यावा. त्या दिवसांत आजोबांना मुलीकडे बोरिवलीला नेऊ नका, एवढं पाळा.

घरच्यांसाठी आणखी एक विनंती. मत आईचं आहे. तिला दिसत नसेल किंवा हात चालत नसेल तर ती स्वतः निवडेल ती प्रौढ व्यक्ती मदतीला राहू शकते. अशी गरज नसेल तर मुलांनी, सुनांनी, नातवंडांनी बाहेरच्या खोलीत थांबावं. ‘तिला आता काही आठवत नाही’ म्हणून कुणी तिच्या वतीने खूण करू नये. विसरभोळेपणामुळे मताधिकार जात नाही. सक्षम न्यायालयाने एखाद्याला मनोविकल घोषित केलं असेल तरच तो जातो.

निवडणूक ड्यूटी आणि अत्यावश्यक सेवा

ज्यांची ड्यूटी स्वतःच्याच मतदारसंघात लागली आहे त्यांनी नमुना १२-ए भरून निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र घ्यावं, म्हणजे जिथे नेमणूक आहे त्या केंद्रावरच यंत्रावर मत देता येतं. दुसऱ्या मतदारसंघात ड्यूटी असेल तर नमुना १२ भरायचा. २०२३ मधल्या नियमबदलानंतर या कर्मचाऱ्यांनी टपाली मत सुविधा केंद्रातच द्यायचं असतं, मतपत्रिका घरी नेऊन नंतर पाठवता येत नाही. तेव्हा प्रशिक्षणाच्या दिवशी सुविधा केंद्र कुठे आणि किती वाजेपर्यंत आहे, हे विचारून तिथेच काम उरका. अत्यावश्यक सेवेतल्यांनी १२-डीवर आपल्या खात्याच्या समन्वय अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र घ्यावं. त्यांच्यासाठी टपाली मतदान केंद्र सलग तीन दिवस उघडं असतं.

टपाली मत बाद होण्याची कारणं साधी असतात आणि टाळता येतात:

- मतपत्रिकेवर सही केली किंवा नाव लिहिलं. ओळख पटेल अशी कोणतीही खूण मत बाद करते.
- एकापेक्षा जास्त उमेदवारांसमोर खूण केली.
- घोषणापत्र (नमुना १३-ए) जोडलं नाही, त्यावर सही किंवा साक्षांकन नाही.
- घोषणापत्र आतल्या पाकिटात गेलं. आतल्या पाकिटात फक्त मतपत्रिका, आणि घोषणापत्र त्याच्या बाहेर, मोठ्या पाकिटात.
- घोषणापत्रावरचा मतपत्रिकेचा क्रमांक पाकिटावरच्या क्रमांकाशी जुळत नाही.

सैन्यात असलेले, परदेशात असलेले

सैन्यातल्या मतदाराला मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मिळते. ती छापून, खूण करून टपालाने परत पाठवायची असते, आणि मतमोजणी सुरू होण्याआधी ती पोचली पाहिजे. सोबत राहणाऱ्या जोडीदाराचीही याच पद्धतीने नोंदणी होऊ शकते. मुलांची होत नाही.

परदेशातल्या मुलामुलींना टपालाने मत देता येत नाही, आणि त्यांच्या वतीने तुम्हालाही देता येत नाही. त्यांनी नमुना ६-ए भरला तर पासपोर्टवरच्या भारतातल्या पत्त्यावर नाव नोंदवलं जातं आणि मतदानाच्या दिवशी इथे हजर राहून, मूळ पासपोर्ट दाखवून मत देता येतं. ज्यांनी दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं त्यांचा मताधिकार संपतो, ‘ओसीआय’ कार्ड असलं तरी.

केंद्रावर जाणार असाल तर

- मतदार ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, पासपोर्ट, वाहनपरवाना, फोटो असलेलं बँक किंवा पोस्टाचं पासबुक, पेन्शनची फोटो असलेली कागदपत्रं यांपैकी एक चालतं. नुसती मतदार चिठ्ठी ओळख म्हणून चालत नाही.
- मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी हा नोकरदार मतदाराचा कायदेशीर हक्क आहे, खाजगी नोकरीतही.
- दृष्टिहीन किंवा अशक्त मतदाराला १८ वर्षांवरचा सोबती आत नेता येतो. एका सोबत्याला एकाच मतदाराची सोबत करता येते.
- वेळ संपण्यापूर्वी रांगेत उभे असाल तर मत देता येतंच, मग कितीही उशीर होवो.
- तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर भांडून निघून जाऊ नका. केंद्राध्यक्षांकडे ‘प्रदत्त मतपत्रिका’ मागा. ओळख पटल्यावर ती तुम्हाला द्यावीच लागते. ती वेगळ्या पाकिटात राहते आणि निकाल कोर्टात गेला तर तिला मोल येतं.

अर्ज फेटाळला किंवा नाव वगळलं तर

आधी कारण लेखी मागा. मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध १५ दिवसांत जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे पहिलं अपील करता येतं, आणि तिथेही समाधान झालं नाही तर ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरं. अपिलासोबत अर्जाची पोच, निर्णयाची प्रत आणि रहिवासाचा पुरावा जोडा. जुन्या यादीतलं तुमच्या नावाचं पान मिळालं तर तेही जोडा. निवडणूक तोंडावर असेल तर अपिलाच्या निकालाची वाट बघत थांबू नका. पात्र असाल आणि नाव आता कुठेच उरलेलं नसेल, तर मुदत शिल्लक असेपर्यंत नमुना ६ नव्याने भरा आणि वगळलेल्या नावाचा जुना ओळखपत्र क्रमांक बीएलओला लेखी कळवा.